सुकाण्याची वही

वही मुलीची, अर्धी कोरी.
मी ती मागून उघडतो;
तिचं रसायनशास्त्र आणि माझं इंग्रजी
मध्ये कुठेतरी भेटतील.

रोज तीन शब्द. क्लेमेन्सिया टीचरचा हुकूम:
अर्थ पाठ करायचा नाही, खर्च करायचा.
साखळीत, पोदेराच्या मागच्या खोलीत
भट्टीच्या भिंतीला पाठ लावून आम्ही चौघं बसतो.
लंडनला निघालेल्या दोन नर्स,
क्रूझवर चाललेला एक आचारी,
आणि मी, बावन्न वर्षांचा,
कुठेच न निघालेला.

इफेमरल: क्षणभंगुर.
मी वाक्य केलं, उंडो सकाळी मऊ, रात्री दगड.
टीचर म्हणाली, चालेल.

टेनेशस: धरलं की न सोडणारा.
बार्जच्या तळाला चिकटलेले शिंपले,
आणि पतपेढीचा वसुलीवाला.
चालेल, चालेल, पण एकच उदाहरण दे.

अँबिव्हॅलंट: मन इकडेही, तिकडेही.
भरती संपून ओहोटी लागायच्या आधी
मांडवी थोडा वेळ काहीच ठरवत नाही.
सुकाणू हातात असतं
आणि हाताला काही सांगत नाही.
तेवीस वर्षं हा शब्द मला मनगटात माहीत होता.
टीचरने तो नुसता फळ्यावर काढून दिला.

पण खरं सांगू?
मी एका शब्दापायी इथे आलो.

खाण बंद पडली, आणि कंपनीकडून
एक पान आलं. खाली सही करा म्हणाले.
केली.
अक्षरं सगळी ओळखीची होती,
एक शब्द तेवढा नवा: रिडंडंट.
म्हणून पाहिला. घुमटावर थाप पडावी तसा वाजला,
रि-डं-डंट.
बायकोला म्हटलं, एवढा भारदस्त शब्द आहे,
बहुतेक काहीतरी देणार.
ती शेजारणीला सांगून आली.

अकरा दिवस तो शब्द आमच्या घरात
पाहुण्यासारखा राहिला.
बाराव्या दिवशी खोकल्याचं औषध आणायला गेलो,
पान खिशातच होतं.
फार्मसीवाल्या दिनानाथाने चष्मा कपाळावर चढवला,
"जास्तीचा," म्हणाला. मग हळूच,
"नको असलेला."
औषधाचे पैसे घेतले नाहीत त्याने.
तेव्हा कळलं, अर्थ बरोबर आहे.

काल वर्गात 'आर'चं पान निघालं.
मला माहीत होतं तो कुठे बसलाय,
डावीकडून खाली सातवा.
थोरली नर्स म्हणाली, एकाच रोग्याला दोनदा लिहिलेला डोस.
आचारी म्हणाला, शाकुतीवर फरसाण.
सगळे हसले. मीही.
मग माझी पाळी.

मी उभा राहिलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
म्हटलं, आमची बार्ज आमोण्याला बांधून ठेवलीय.
शी इज रिडंडंट.
भरतीला ती वर येते, ओहोटीला खाली जाते,
रोज दोनदा.
तिला कुणी पत्र दिलेलं नाही.

भट्टीत पोदेराने फावडं ओढल्याचा आवाज आला.
टीचरने खडू उचलला, ठेवला.
"वाक्य बरोबर," म्हणाली,
"पण वस्तूला शी नाही. इट."
मी म्हटलं, टीचर, पाण्यावरच्याला शी म्हणतात.
कप्तान म्हणायचा, वायरलेसवर परदेशी म्हणायचे.
तिने जाडजूड डिक्शनरी उघडली,
बोट फिरवत राहिली,
दोन्ही नर्स वाकून बघत होत्या.
"शी," टीचर म्हणाली. "राहू दे."

निघताना विचारलं,
खाजनातल्या मानशीला इंग्रजीत काय?
स्लूस गेट, ती पटकन म्हणाली,
मग स्वतःच थांबली.
ते तर नुसतं दार झालं.
दारावरची रात्रीची राखण, जाळ्यात उसळणारी सुंगटां,
पावणीत बोली लावून लावून भांडलेले दोघे भाऊ,
ते कुठे आलं त्यात?
तिने आपल्या वहीत, मागच्या पानावर,
मानस लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
तिचीही वही मागून सुरू होते तर.

घरी आलो. पिशवीत चार उंडे, अजून ऊन.
बायको एक फोडून विचारते, आज कुठले तीन?
एकच, म्हटलं.
आणि तोही ओळखीचा.